वस्तीतलं गाणं आणि वस्तीचा प्रश्न रेडिओवर न्यायचाय? मग हा क्रम पाळा

कम्युनिटी रेडिओकडे (म्हणजे आसपासच्या लोकांपुरतं छोटं स्टेशन) किंवा आकाशवाणीकडे लोक हौसेने रेकॉर्डिंग करून आणतात आणि त्यातलं बरंचसं वाया जातं. आवाज वाईट असतो किंवा माइक स्वस्तातला असतो म्हणून नाही. गाणं चालू असतानाच मुलाखत घेतलेली असते, बोलणाऱ्याचं आडनाव कुणाला आठवत नाही, मागे वाजणारं गाणं कुणाच्या मालकीचं ते माहीत नसतं आणि प्रश्नावर बोललेली सहाच्या सहा माणसं एकाच बाजूची असतात. यातलं काहीच नंतर कॉम्प्युटरवर बसून दुरुस्त होत नाही, कारण घोटाळा बटण दाबायच्या आधीच झालेला असतो. त्यामुळे खाली तयारीवर जास्त लिहिलंय, सॉफ्टवेअरवर कमी.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. भांडुप-विक्रोळीकडचं एक डबलबारी भजन मंडळ (डबलबारी म्हणजे दोन बुवा, म्हणजे मुख्य गायक, आपापल्या मंडळासह समोरासमोर बसून भजनांचा सामना करतात), चाळ पाडून टॉवर झाला आणि तालमीला जागा उरली नाही, यावर १२ मिनिटांचं रूपक, म्हणजे निवेदन, माणसांचं बोलणं आणि गाणं गुंफलेला कार्यक्रम, करायचंय. तुमचा विषय जाखडीचा असेल, कोळीवाड्यातल्या लग्नगीतांचा असेल, भीमगीतांचा असेल किंवा आरेच्या पाड्यातल्या तारप्याचा, क्रम हाच राहतो.

१. हे वाजणार कुठे ते आधी ठरवा

"करून तर ठेवू, मग बघू कुणाला द्यायचं" इथेच पहिली माती होते. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झ मीडियम वेव्हवर आहे, ती लांबलांबपर्यंत ऐकली जाते, म्हणजे ऐकणाऱ्याला डबलबारी म्हणजे काय हे दोन वाक्यांत सांगावं लागणार. कम्युनिटी रेडिओचं गणित वेगळं. उदाहरणार्थ मुंबई विद्यापीठाचं रेडिओ मस्ट १०७.८ वर आहे. अशा स्टेशनांची प्रक्षेपण ताकद साधारण १०० वॅटपर्यंतच असते, पल्ला दहाएक किलोमीटर आणि मधे टॉवर आले की तेवढाही नाही, पण ऐकणारा आसपासचाच असतो, त्याला दोन बुवा समोरासमोर बसून काय करतात ते समजावत बसलात तर तो स्टेशन बदलेल.

नियमही वेगळे आहेत. कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावता येतात, आणि राजकीय स्वरूपाचं काही चालत नाही. पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, हवामान, ट्रॅफिक, सण-उत्सव, परीक्षा-अ‍ॅडमिशन असली माहिती चालते. म्हणजे "आम्हाला तालमीला जागा नाही, अशी अडचण होते, असे पर्याय आहेत" हे बसतं. "अमुक पक्षाने आम्हाला फसवलं, निवडणुकीत दाखवून देऊ" हे बसत नाही, मग बोलणारा कितीही तळमळीने बोललेला असू दे. आणि आकाशवाणीवर गायन सादर करायचं तर स्वरपरीक्षा आणि श्रेणीची पद्धत आहे, म्हणून रूपकात मंडळाचं गाणं किती आणि कसं वापरता येईल हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच विचारा.

तपासा: स्लॉट नेमका किती मिनिटांचा, फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये हवी, शेवटची तारीख कोणती. आणि त्या स्लॉटचे दोन-तीन कार्यक्रम सलग ऐका. अस्मिता न्यूज ऑन एअर अ‍ॅपवर लागते, त्यामुळे घरात रेडिओ नाही ही सबब चालणार नाही.

२. विषयाचा प्रश्न करा

"भांडुपमधील भजन परंपरा" हा शाळेतला निबंध झाला. "टॉवरमध्ये राहायला गेलेलं मंडळ आता तालीम कुठे करतं?" हा प्रश्न आहे, त्याला उत्तर आहे, आणि उत्तर ऐकायला माणूस थांबतो. हा प्रश्न कागदावर एका वाक्यात लिहा आणि खिशात ठेवा. रेकॉर्डिंगच्या दिवशी बुवा गावच्या जत्रेवर वीस मिनिटं बोलायला लागले की तो कागद उपयोगी पडतो.

मग माणसं ठरवा. चार पुरेत, पाच म्हणजे डोक्यावरून पाणी: मंडळाचे बुवा, पखवाज वाजवणारा एखादा पंचवीस-तिशीतला पोरगा, सोसायटीतला असा कुणीतरी ज्याला तालमीचा खरोखर त्रास होतो, आणि ज्याच्या हातात जागा आहे असा, म्हणजे शाळा, समाजमंदिर हॉल किंवा वॉर्ड ऑफिसमधला. तिसऱ्या माणसाला लोक हमखास गाळतात. ज्याच्या पोरीची दहावी आहे आणि डोक्यावरच्या मजल्यावर झांजा वाजतायत, त्याचं म्हणणं ऐकवल्याशिवाय प्रश्न कळतच नाही, नुसतं गाऱ्हाणं होतं. त्याच इमारतीत महिला भजनी मंडळ असेल तर त्यांना जागा कशी मिळते तेही विचारा, उत्तर वेगळंच निघू शकतं.

सरकारी माहिती लागणार असेल तर अर्ज आत्ताच टाका. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये फी, उत्तराला ३० दिवस, आणि महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. रेकॉर्डिंग झाल्यावर अर्ज केलात तर रूपक महिनाभर लटकलं म्हणून समजा.

३. परवानगी आणि गाण्याचे हक्क

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त फाइली इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

बोलणाऱ्याची परवानगी दोनदा घ्या, एकदा कागदावर सही आणि एकदा रेकॉर्डरवर. रेकॉर्डरवर त्यांनी स्वतःच्या तोंडाने पूर्ण नाव, काय करतात आणि "हे रेडिओवर लावायला माझी हरकत नाही" एवढं बोलायचं. यात तीन कामं होतात: परवानगी मिळते, नावाचा उच्चार कळतो आणि लेव्हल, म्हणजे आवाज किती जोरात रेकॉर्ड होतोय ते, बघता येते. अठराच्या आतलं मूल असेल तर आईवडिलांची सही घ्या. कुणाचाही फ्लॅट नंबर, फोन नंबर कार्यक्रमात जाऊ देऊ नका, बोलण्यात आलाच तर कापा.

आता गाणं. लोकांना वाटतं भजन म्हणजे सगळ्यांचं, त्यात कसला आलाय हक्क. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे, खरंय. पण तुम्ही कुठल्यातरी कंपनीच्या सीडीवरून तोच अभंग उचललात तर त्या रेकॉर्डिंगवर कंपनीचा हक्क आहे, प्रकाशनानंतर ६० वर्षं. आणि डबलबारीत तर गंमतच आहे, गवळण किंवा गजर (सगळ्यांनी मिळून म्हणायचं, चढत जाणारं पद) बऱ्याचदा फिल्मी चालीवर बांधलेला असतो. शब्द मंडळाचे, चाल पिक्चरची. संगीतकाराचा हक्क तो गेल्यानंतरही ६० वर्षं राहतो, म्हणजे शब्द बदलले तरी चालीचा प्रश्न तसाच उभा. बुवांना सरळ विचारा: "बुवा, शब्द कुणाचे, चाल कुणाची?" त्यांना सगळं तोंडपाठ असतं, कुणी विचारत नाही एवढंच. शब्द आणि चाल दोन्ही पारंपरिक किंवा दोन्ही मंडळाची स्वतःची असलेली दोन-तीन पदं निवडा आणि तीच रेकॉर्ड करा.

सावधान: यूट्यूबवरून उतरवलेलं गाणं "मागे हळू आवाजात लावलंय" म्हणून चालतं असं नाही. हळू वाजवलं तरी वाजवलंच.

४. जागा बघून या, पण कानाने

रेकॉर्डिंग ज्या वेळी करणार त्याच वेळी आधी एकदा जाऊन या, सकाळी बघून रात्री रेकॉर्ड केलं तर बघितल्याचा उपयोग शून्य. पाच मिनिटं डोळे मिटून बसा आणि जे ऐकू येतं ते लिहा: पंपाची मोटर कितीला चालू होते, लिफ्टचा दरवाजा, रुळ जवळ असतील तर दर काही मिनिटांनी लोकल, खालच्या रिक्षा, शेजारच्यांची सिरियल, कुकर. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये रेकॉर्डिंग ठेवूच नका, एक सर आली की सगळं गेलं.

बंद करता येतं ते बंद करायला सांगा. पंखा, एसी, फ्रिज. फ्रिज बंद केलात तर स्वतःच्या घराची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे निघताना तो परत चालू करायचं विसरणार नाही. रेकॉर्डिस्ट लोकांची जुनी युक्ती आहे.

आणि मंडळाकडे स्वतःचा साउंड असेल तर मिक्सरवरचा एको बंद करायला आधीच सांगून ठेवा, ऐन वेळी बुवांचा मूड जातो. एको एकदा आवाजात मिसळला की कुठल्याही सॉफ्टवेअरने धड निघत नाही. शक्य असेल तर साउंड बंदच, तालीम बिनमाइकची घ्या, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर तसाही लावता येत नाही.

५. सामान आणि लेव्हल

हातात मावणारा साधा रेकॉर्डर असेल तर उत्तम, नसेल तर फोन चालतो, पण फोनमध्ये असं अ‍ॅप घ्या ज्यात लेव्हल हाताने ठरवता येते. नाहीतर फोन स्वतःच आवाज वरखाली करत बसतो, झांज वाजली की बुवांचा आवाज बुडतो आणि झांज थांबली की परत वर येतो, ऐकणाऱ्याला गरगरतं. फाइल वेव्ह फॉरमॅटमध्ये, ४८ किलोहर्ट्झ. फोन एअरप्लेन मोडवर, इतरांचे फोनही लांब. वायरवाला हेडफोन घाला, कारण ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो आणि नेमकं काय बिघडतंय ते कळत नाही. हेडफोनशिवाय रेकॉर्डिंग करणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही.

लेव्हलचं एकच सूत्र लक्षात ठेवा. बोलण्याला रेकॉर्डरवरचा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास, गाण्याला उणे ६ च्या वर जाऊ द्यायचा नाही. भजनात फसगत अशी होते की लोक सुरुवातीच्या अभंगावर लेव्हल लावतात, तो संथ असतो, आणि मग गजर चढतो, टाळ्या, झांजा, सगळा कोरस एकदम, आणि आवाज फाटतो. फाटलेला आवाज परत शिवता येत नाही. म्हणून तालमीआधी बुवांना सांगून गजराचं फक्त शेवटचं मिनिट वाजवून घ्या आणि लेव्हल त्यावर लावा.

रेकॉर्डर पखवाजासमोर ठेवू नका. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते, त्याचा घुमारा जवळून घेतला की बाकी सगळं झाकून टाकतो. मंडळापासून दोन-तीन मीटर लांब, बसलेल्या माणसांच्या डोक्यांपेक्षा थोडा वर, आणि बुवांच्या बाजूला जरा झुकलेला, असा स्टँडवर ठेवा. स्टँड नसेल तर स्टूलावर जाड टॉवेलची घडी, त्यावर रेकॉर्डर.

तपासा: दहा सेकंद रेकॉर्ड करून लगेच परत ऐका. बॅटरी, कार्डातली जागा, तारीख-वेळ बरोबर आहे का बघा.

६. रेकॉर्डिंगचा क्रम

आधी मुलाखत, मग गाणं. तीन तास गजर म्हटल्यावर बुवांचा घसा बसलेला असतो आणि सगळ्यांना घरी जायची घाई असते.

पहिलं काम, खोलीचा नुसता आवाज एक मिनिट, कुणी बोलायचं नाही. एडिटिंगमध्ये तुकडे जोडताना तो लागतोच. मग मुलाखती, दार लावून, एकेकाची वेगळी. मग ठरलेली पदं, प्रत्येक पूर्ण, मधे कुणी "वा वा" करायचं नाही, तुम्ही तर नाहीच. शेवटी सुटे आवाज: पखवाजाला कणीक लावताना हाताची थाप, पेटीचा भाता, झांजांची जोडी एकटी, सतरंजी झटकणं, लिफ्टमध्ये पखवाज चढवतानाचे "अरे सांभाळ, सांभाळ". विषय जागेचा आहे ना, मग पाचव्या मजल्यावर वाद्यं नेण्याची कसरत ऐकू आली की निवेदनातली चार वाक्यं वाचतात.

सावधान: बोलणं आणि गाणं एकाच फाइलमध्ये, एकावर एक, कधीही घेऊ नका. दोन्ही वेगळे असले तर नंतर हवे तसे मिसळता येतात, मिसळलेले वेगळे होत नाहीत.

जाता जाता एक विनंती, लोकलच्या अनाउन्समेंटने रूपक सुरू करू नका. मुंबईवर काही करायचं म्हटलं की प्रत्येकाला तेच सुचतं.

७. मुलाखत

माइक तोंडापासून वीतभर, थोडा तिरका, म्हणजे प, फ, भ आदळत नाहीत. माइक तुमच्याच हातात राहू दे, समोरच्याला दिला की तो भाषण करायला लागतो. पहिला प्रश्न "सकाळी काय खाल्लंत?", लेव्हल पण बघून होते आणि माणूसही सैल होतो.

हो-नाही असं उत्तर येईल ते प्रश्न काढून टाका. "जागेची अडचण होते का?" याला उत्तर "हो, होते ना." संपलं. त्याऐवजी "मागची तालीम कुठे झाली, सगळे जमल्यापासून सांगा" असं विचारा, की कुणाच्या हॉलमध्ये सोफा सरकवला, कोण दारात बसलं, वॉचमन कितीला वर आला, सगळं येतं. समोरचा बोलताना "हो हो", "बरोबर", "अच्छा" बंद, नुसती मान हलवा. बोलून झाल्यावर दोन सेकंद गप्प राहा, खरी गोष्ट बऱ्याचदा त्या दोन सेकंदांनंतर येते.

भाषा सुधारायला जाऊ नका. बुवा मालवणीत म्हणाले, "गजर सुरू झालो की मगे कोण थांबता?" तर ते तसंच राहू दे. रेडिओ म्हटल्यावर लोक आपोआप छापील मराठीत शिरतात, "सदर मंडळाची स्थापना" वगैरे. तेव्हा "बुवा, घरात बोलता तसं बोला" म्हणा. आणि ज्याला तालमीचा त्रास होतो त्या गृहस्थांना इतरांइतकाच मान आणि वेळ द्या, त्यांच्याकडून भांडण काढून घ्यायचा प्रयत्न नको. वॉर्ड ऑफिसचा माणूस रेकॉर्डरवर बोलायला तयार नसेल तर लेखी उत्तर मागा, ते निवेदनात वाचा आणि लेखी आहे असं स्पष्ट सांगा.

तपासा, निघायच्या आधी: नावं आणि आडनावं लिहून त्यांच्याकडूनच वाचून घेतली का? सह्या? पदांचे शब्द-चाल कुणाची ते लिहिलं? फाइली दुसरीकडे कॉपी केल्या?

८. ऐकून लिहा, मग कापा

घरी येऊन थेट एडिटिंगला बसू नका. आधी सगळं एकदा ऐका आणि वहीत लिहा: फाइल नंबर, मिनिट-सेकंद, कोण, काय म्हणालं. तासाभराच्या ऑडिओला दोन-अडीच तास लागतात, चिडचिड होते, पण हे टाळलं तर नंतर तेच वाक्य शोधायला रात्र जाते. मग खिशातला प्रश्न काढा आणि त्याला उत्तर देणारे तुकडेच निवडा, कितीही गोड असलं तरी बाकीचं बाजूला.

कागदावर क्रम लावा. १२ मिनिटांत साधारण चार मिनिटं निवेदन, पाच मिनिटं माणसांचं बोलणं, तीन मिनिटं गाणं आणि सुटे आवाज. कुठलाही एक माणूस सलग ४५ सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि गाणं एका वेळी ३०-४० सेकंद पुरे, अपवाद फक्त एक, एखादा गजर एकदा तरी चांगला मिनिटभर वाजू द्या, नाहीतर ज्याच्यासाठी एवढी जागा मागतायत ते आहे तरी काय असं ऐकणाऱ्याला वाटेल.

९. निवेदन

कागदावरची क्रमवारी झाल्यावरच निवेदन लिहायचं. आधी निवेदन लिहून मग त्यात बोलणं कोंबणारे बरेच आहेत आणि ते लगेच कळतं. वाचण्याचा वेग मिनिटाला ११०-१२० शब्द धरा, म्हणजे चार मिनिटांना ४४०-४८० शब्द.

बोलणारा काय म्हणणार ते आधीच सांगून टाकू नका. "बुवा सांगतात की जागा नाही" आणि लगेच बुवा: "जागा नाही." हा प्रकार फार चालतो. त्याऐवजी माणूस कोण, कुठे बसलाय एवढं सांगा आणि त्याला बोलू द्या. नाव आवाजाच्या आधी, आणि पाचेक मिनिटांनी परत, कारण रेडिओ कुणी मधेच लावलेला असतो. "वर सांगितल्याप्रमाणे", "खालील मुद्दे" हे वाचणाऱ्यासाठी असतं, ऐकणाऱ्याला वर-खाली काही नसतं. लिहिलेलं मोठ्याने वाचा, जिथे श्वास संपतो तिथे वाक्य तोडा.

१०. एडिटिंग

ऑडेसिटी हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. कापताना श्वासाच्या आधी कापा, मधोमध नाही. निवेदनाखाली गाणं ठेवायचं तर इतकं खाली की प्रत्येक शब्द स्वच्छ यावा, आणि शब्द असलेलं गाणं बोलण्याखाली नकोच, दोघंही ऐकू येत नाहीत, तिथे नुसता पखवाज किंवा पेटी वापरा. नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा गोंगाट कमी करायची सोय, अगदी हलकं, जास्त मारलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा येतो, त्यापेक्षा मागचा पंखा परवडला.

वाक्य कापताना अर्थ बदलत नाही ना, हे दोनदा बघा. सोसायटीवाले म्हणाले, "रविवारी करा, माझी हरकत नाही, पण रोज रात्री नको." त्यातलं फक्त "रोज रात्री नको" ठेवलंत तर ते कापणं नाही, लबाडी आहे.

तपासा: पूर्ण रूपक मोनोमध्ये (डावा-उजवा आवाज एकत्र करून) आणि फोनच्या छोट्या स्पीकरवर एकदा ऐका, मीडियम वेव्हवर तसंच जाणार आहे. शब्द हरवतायत तिथे मागचं संगीत आणखी खाली.

११. फाइल देणं आणि त्यानंतर

व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका, आवाज दाबला जातो. पेनड्राइव्ह किंवा ड्राइव्हची लिंक. सोबत एक पान: कार्यक्रमाचं नाव, एकूण वेळ मिनिट-सेकंदात, पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, सगळ्या माणसांची नावं, प्रत्येक पदाचे शब्द-चाल कुणाची आणि किती सेकंद वापरलं, परवानग्यांच्या झेरॉक्स. शेवटचं वाक्य लिहायला विसरू नका, ड्युटीवरचा माणूस त्यावरूनच पुढचा कार्यक्रम सुरू करतो.

कम्युनिटी रेडिओला प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावे लागतात, तुम्ही मूळ रेकॉर्डिंग आणि सह्या त्याहून जास्त काळ ठेवा. प्रसारणाची तारीख, वेळ आणि फ्रिक्वेन्सी बोललेल्या प्रत्येकाला कळवा, हरकत घेणाऱ्या गृहस्थांनाही. मंडळाला ग्रुपवर टाकायला क्लिप हवी असते, ती स्टेशनला विचारून द्या. पुढे शाळेने किंवा समाजमंदिराने जागा दिलीच तर दोन मिनिटांचा फॉलोअप रेकॉर्ड करून त्याच स्लॉटला पाठवा, मात्र त्यात नवीन माणूस बोलणार असेल तर त्याची सही वेगळी घ्या.